गोळ्यांनंतर अर्ध्या तासाने

आमच्या विद्यापीठातल्या मराठी मुलामुलींच्या ईमेल गटावर मध्यंतरी एका मुलीने विचारलं होतं, "मानेवर गाठ आली आहे, डॉक्टर टीबी म्हणतात. घरी सांगू की नको?" तिने नाव दिलं नव्हतं. मी तिला दोन ओळींचं उत्तर पाठवलं, घाबरू नकोस, बरं होतं म्हणून. पाठवल्यावर वाटत राहिलं, की आपण तिला खरं तर काहीच सांगितलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तिथेही जर्नल्सपलीकडे काही लिहिलं नाही. औषधांची माहिती तुला डॉक्टर देतील. मी फक्त माझं काय काय झालं ते सांगते. त्यात माझ्यापेक्षा माझ्या आईचंच जास्त येईल, त्याला इलाज नाही.

गाठ

२००५ चा हिवाळा होता. मी अमेरिकेत, वूस्टरला एमएस करत होते. माझी रूममेट सुजाता नागपूरची. ती एकदा माझ्याकडे बघत म्हणाली, "ए, तुझी मान एका बाजूने सुजलीये."

"उशी बदलली ना, म्हणून असेल."

"उशीने अशी गाठ येते का यार? हेल्थ सेंटरला जा गपचूप."

मी गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी मान चाचपली, वजन विचारलं, रात्री घाम येतो का विचारलं. मग काय काय असू शकतं ते एकेक करून सांगितलं. त्यात एक कॅन्सरचा प्रकारही होता. त्यानंतर त्या जे बोलल्या ते मला ऐकूच आलं नाही. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर येईपर्यंत मी लॅबमध्ये जात होते, असाइनमेंट देत होते, आणि दर थोड्या वेळाने हात आपोआप मानेकडे जात होता.

मग फोन आला. डॉक्टरबाईंचा आवाज आनंदी होता. "चांगली बातमी आहे. टीबी आहे. पूर्ण बरा होतो."

मी थँक यू म्हटलं आणि पलंगावर बसले. त्यांना ती चांगली बातमी वाटली, आणि होतीही. पण मी सेलूची आहे, परभणी जिल्ह्यातली. आमच्या गल्लीत एका सुनेला टीबी निघाला, तेव्हा तिला माहेरी पोचवून आले होते. ती परत आलेली मी पाहिली नाही. त्याच गल्लीत एका माणसाला टीबी झाला, तेव्हा त्याच्या बायकोने रोज अंडं उकडून, दूध आटवून त्याला बरं केलं. हे दोन्ही मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दोन्हींत काही फरक आहे असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

पिठाचा खोकला

छातीच्या फोटोत एक अंधूक डाग दिसला, म्हणून खात्री होईपर्यंत मला हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवलं. खोलीला दोन दारं. आत येणारा प्रत्येक जण तोंडावर मास्क लावून येई, त्यामुळे माणसं मी डोळ्यांवरून ओळखायला शिकले. सकाळी थुंकी तपासायला न्यायचे, दुपारी हिरवी जेली यायची. ती जेली मी कधी खाल्ली नाही. हलते म्हणून भीती वाटायची.

शेजारच्या श्रूजबरी गावातल्या शोभाकाकू मुगाची खिचडी घेऊन आल्या. त्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. मराठी मंडळाच्या संक्रांतीला ओळख झाली होती, तेवढ्यावर त्या ड्राइव्ह करत आल्या.

"काका कुठे आहेत?"

"खाली पार्किंगमध्ये. त्यांना हॉस्पिटलचा वास सहन होत नाही. आपल्यालाच ॲडमिट करतील असं वाटतं त्यांना. तू खा, गार होईल."

मी त्या खोलीत पहिल्यांदा हसले. त्या खिचडीचं महत्त्व सांगता येणार नाही. कुणी आजारी असेल आणि तुला काय बोलावं सुचत नसेल, तर खिचडी ने.

तिथल्या एका डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला बरेच दिवस खोकला आहे का?"

मी म्हटलं, "आईला आहे. पण तो पिठाचा आहे."

मग पिठाचा खोकला म्हणजे काय ते समजावावं लागलं. आमची पिठाची गिरणी आहे. अप्पा आणि दादा ती चालवतात आणि आई दिवसभर जात्यापाशी उभी असते. पीठ उडतं, छातीत जातं, खोकला येतो. आमच्या घरात सगळे असंच म्हणायचे.

"पिठाचा आहे असं कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं?"

मी आठवायला लागले. अप्पांची कंबर धरली तेव्हा आम्ही त्यांना परभणीला नेलं होतं. दादाचं बोट पट्ट्यात सापडलं तेव्हा जीप करून नेलं होतं. आईला कुणी, कधी, कुठे नेलं ते मात्र आठवेना. आम्हां भावंडांच्या वेळची बाळंतपणं सोडून.

खोलीतून सुटका झाल्यावर घरी फोन केला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुणाला बोललीस का तिकडं?"

"मैत्रिणीला माहीत आहे."

"आपल्या लोकांत बोलू नको. उद्या स्थळं बघायची आहेत तुझ्यासाठी."

मला राग यायला हवा होता. पण ते पुन्हा पुन्हा विचारत होते, पैसे पाठवू का, येऊ का. पासपोर्ट नसलेला माणूस येऊ का विचारत होता.

मग आईने फोन घेतला. "दुखती का गं गाठ?"

"नाही दुखत. आई, तुझा खोकला तपासून घ्यायचा आहे."

"माझं काय माय, पिठाचं ते. तू तुझं बघ."

मी बरंच समजावलं. ती हूं हूं करत राहिली. शेवटी मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं, "तुझा रिपोर्ट कळला तर इथल्या डॉक्टरांना माझं औषध ठरवायला मदत होईल."

"तुझ्यासाठी लागतंय का? मग तसं सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादाबरोबर परभणीला गेली. आईच्या छातीत टीबी होता. अप्पा आणि दादा तपासणीत नीट निघाले. सेलूच्या सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळालं असतं, पण तिथली कंपाउंडरपासून सगळी माणसं आमच्याकडे दळण आणणारी. म्हणून परभणीचा खाजगी डॉक्टर.

आईने मला एकच प्रश्न विचारला. "माझ्यामुळंच झालं का तुला?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही. पण माझ्यामुळे तुझा सापडला."

ती एकदा खोकली. मग म्हणाली, "शिकलीस म्हणून बोलता येतंय तुला."

मॉरीन

इथे टीबीच्या गोळ्या तुमच्या हातात देऊन सोडून देत नाहीत. शहराच्या आरोग्य खात्याची नर्स घरी येते आणि तुम्ही गोळ्या गिळताना समोर बसून बघते. माझ्याकडे यायची तिचं नाव मॉरीन. पन्नाशीची, मोठ्या आवाजाची, बुटांना नेहमी बर्फ लागलेला.

पहिल्या दिवशी मी तिला चहा दिला आणि ओट्याजवळ उभी राहिले.

"तू बस ना," ती म्हणाली.

"मी ठीक आहे."

"मी तुझ्या घशाकडे बघायला आलेय. तू तिकडे उभी राहिलीस तर मला दुर्बीण आणावी लागेल."

मी बसले. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या आणि अर्ध्या तासाने पोटभर खायचं. ती विचारायची, काल गोळ्यांनंतर काय खाल्लंस? मी पोहे म्हटलं की पोहे म्हणजे काय, त्यात काय घालतात, हे सगळं विचारायची. सुरुवातीला मला फार अवघडायला व्हायचं. आपण काय खाल्लं याची कुणी रोज समोर बसून चौकशी करतंय, हे माझ्या ओळखीचं नव्हतं. पाहुण्याने खाल्लं की नाही ते आपण विचारायचं असतं. पण थोड्याच दिवसांत मी तिच्या गाडीच्या आवाजाची वाट बघायला लागले.

घेते की

काही आठवड्यांनी आईशी बोलताना मध्येच तिला खोकला आला. पहिल्यासारखा, थांबता थांबेना असा.

"गोळ्या घेतेस ना?"

"घेते की."

दादाला विचारलं. "घेती ती." अप्पांना विचारलं. "घेत असंल की." कुणी खोटं बोलत नव्हतं. कुणी बघितलं मात्र नव्हतं.

मग मी मॉरीनसारखं विचारलं. "काल गोळ्यांनंतर काय खाल्लंस?"

"खाते की सगळ्यांचं झाल्यावर."

"म्हणजे किती वाजता?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळी उपाशीपोटी गोळ्या आणि अर्ध्या तासाने जेवण. आई पहाटे उठून गोळ्या घेत होती, एकही न चुकवता. पण आमच्या घरी गिरणी जेवणासाठी बंद होत नाही. अप्पा, मग दादा, मग गिरणीवरचा गडी असे एकेक जण येऊन जेवून जातात. त्या सगळ्यांचं झालं, भांडी आवरली, की आई बसते. म्हणजे तिचं अर्ध्या तासाने जेवण उन्हं कलायला आल्यावर व्हायचं. तोवर पोटात आग पडायची. जात्यापाशी चक्कर यायची. दोनदा उलटी झाली. गोळ्या उष्ण पडल्या असं ठरवून तिने त्या सोडल्या.

"आणि अजून एक," ती आवाज खाली आणून म्हणाली, "लघवी तांबडी होत होती. मला वाटलं रक्त पडतंय."

"अगं आई, त्या गोळ्यांनी होतंच तसं. माझीही केशरी होते."

"तुझी पण?"

"रोज."

"मग कुणी सांगितलं का नाही मला?"

"तू विचारलंस का कुणाला?"

"कुणाला विचारू? घरात सगळी गडीमाणसं."

मग मी म्हटलं, "डॉक्टरांनी अर्ध्या तासाने जेवायला सांगितलं होतं ना? मग जेवायचं की."

"त्याला काय जातंय सांगायला. माणसं कामावर उपाशी, दारात गिऱ्हाईक, आन मी ताट घेऊन बसू का? मला नाही बाई जमायचं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घरात कुणी तिला आधी जेवू नको म्हटलंही नव्हतं. ते म्हणायची कधी वेळच आली नव्हती.

त्या रविवारी शोभाकाकूंकडे जेवायला गेले होते. काकू पोळ्या लाटत होत्या, काका आणि मी टेबलाशी. "तूही बस गं," काका म्हणाले. "तुम्ही सुरू करा, मी आलेच," काकू म्हणाल्या. त्या आल्या तेव्हा काकांचा दहीभात चालला होता. मी हे त्यांच्याकडे आधी कितीदा पाहिलं असेल. त्या दिवशी मी जेवता जेवता थांबले. मी त्यांना आईचं सांगितलं. काकू पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिल्या.

"आणि मी इथे तीस लोकांची टीम चालवते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळ

दुसऱ्या दिवशी मॉरीन आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. औषध असं मध्ये सोडलं तर आजार जास्त हट्टी होऊन परत येतो हे मला माहीत होतं, आणि मला आईची भीती वाटत होती. सांगताना मी रडले. तिने मला पोटभर रडू दिलं.

मग तिने विचारलं, "आत्ता तिकडे किती वाजलेत?"

"संध्याकाळ आहे. गिरणी नुकती बंद झाली असेल."

"पुरुष कुठे असतात तेव्हा?"

"अप्पा मारुतीच्या देवळाकडे जातात. दादा मित्रांत. रात्री जेवायला येतात."

"मग तिच्या डॉक्टरांना विचार, गोळ्या संध्याकाळी चालतील का. चालत असतील तर तुम्ही दोघी बरोबर घ्या. मी तुला बघते. तू तिला ऐक."

दादा आईला परत परभणीला घेऊन गेला. डॉक्टर रागावले, पुन्हा तपासण्या केल्या आणि औषध नव्याने सुरू केलं. वेळ कुठलीही चालेल म्हणाले, पण रोज तीच, आणि आता चुकवायचं नाही.

तेव्हापासून माझी सकाळ आणि आईची संध्याकाळ एक झाली. मॉरीन आली की मी कॉलिंग कार्डाचे आकडे दाबायची. "घेऊ का?" आई विचारायची. "घे." पाकिटाचा चरचर आवाज, मग तांब्याचा, मग गटकन पाणी. इकडे मी. मॉरीन दोघींसाठी अंगठा वर करायची.

"ती बाई तिथंच बसलीये का?" आई विचारायची. "तिला म्हणावं चहा पिऊन जा. थंडीचं फिरती बिचारी."

अर्ध्या तासाने मी दुसरा फोन करायची. पहिले काही दिवस आई फोन उचलून म्हणायची, "जेवले."

"मला ऐकू दे."

"जेवताना काय ऐकायचं असतं? वेडी का तू?"

"हो. जेव."

ती जेवायला लागली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी माझ्या आईला कधी जेवताना पाहिलेलं नाही. ती आम्ही जेवून उठल्यावर, स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून पटकन उरकायची. आता हजारो मैलांवरून मी ते ऐकत होते. भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज यायचा नाही, पण कांद्याचा यायचा.

"कांदा खातेस?"

"मला लई आवडतो कांदा."

मला हे माहीत नव्हतं. तिची पाळी येईपर्यंत कांदा संपलेला असायचा.

एका संध्याकाळी अप्पा देवळातून लवकर आले. मला फोनमधून त्यांच्या चपलांचा आवाज आला, मग त्यांचा. "वाढ गं. भूक लागलीये."

आईचं चावणं थांबलं. मी फोन कानाशी घट्ट धरला. मला वाटलं, आता ती ताट सरकवेल. इतके आठवडे जमवलेलं सगळं त्या ताटाबरोबर सरकेल.

"थांबा जरा," आई म्हणाली. "माझं चाललंय."

मग अप्पांनी फोन घेतला. "तू शिकवलंस का हे?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, अप्पा. गोळ्यांनंतर खाल्लं नाही तर तिला गोळ्या सोसत नाहीत. मग ती सोडते. सोडल्या तर..."

अप्पा म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही, की ती दुपारपर्यंत उपाशी राहती."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कधी ध्यानातच आलं नाही," ते म्हणाले. आणि मग, "किती राहिलंय तिचं?"

मागून आई म्हणाली, "अर्धी भाकरी."

ते उंबऱ्यावर बसून राहिले, असं तिने मला नंतर हसत हसत सांगितलं. दळणाचा डबा घेऊन नंबर लावून बसल्यासारखे.

आता

माझ्या गोळ्या आधी संपल्या. शेवटच्या दिवशी मॉरीनसाठी पोहे केले, आणि मीही तिच्यासमोर बसून तिच्याबरोबरच खाल्ले. तिने शेंगदाणे बाजूला काढून शेवटी खायला ठेवले होते. आईसारखीच सवय, तीही मला फोनवरच कळलेली. आईला ते सांगितलं तर म्हणाली, "बघ, चांगल्या घरची आहे." शोभाकाकू आता पोळ्या आधी करून डब्यात ठेवतात आणि आमच्याबरोबर बसतात. काका गार पोळीबद्दल कुरकुरतात, पण खातात.

माझ्या मानेवर व्रण आहे. स्थळासाठी फोटो पाठवताना अप्पा म्हणाले, ओढणी घे. मी उघड्या मानेचा पाठवला. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ते प्रेमाने भांडतात, मीही. पण सगळं ठीक झालं असं मी तुला सांगणार नाही.

घरी सांगू का, असं तू विचारलं होतंस. सांग. आधी आईला सांग. आणि सांगून झालं की तिला विचार, तुला काही होतंय का. पहिल्यांदा ती नाही म्हणेल. मग विचार, आज जेवलीस किती वाजता.

मध्ये खंड पडल्यामुळे आईचं औषध माझ्यापेक्षा बरेच महिने जास्त चाललं. शेवटची तपासणी नीट आली, गोळ्या बंद झाल्या. सगळ्यांना आनंद झाला आणि मला एक भीती वाटत राहिली, ती मी कुणाला सांगितली नाही. आता तिला आधी जेवायला कारण उरलं नव्हतं.

थोडे दिवस जाऊ दिले. मग एकदा नेहमीच्या वेळेला, ठरलेलं काही नसताना, फोन लावला. अप्पांनी उचलला.

"आई कुठे आहे?"

"जेवतीये," अप्पा म्हणाले. "मग कर." आणि अमेरिकेचा फोन त्यांनी ठेवून दिला.